साखळीचा लॅपटॉप आणि पंचावन्न वॅटचं कार्ड

"दादा, ह्यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसेल?" म्हापशातल्या माझ्या दुकानात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि बहुतेक वेळा मी लॅपटॉप पिशवीतून बाहेर यायच्या आतच "नाही" म्हणून मोकळा होतो. गिऱ्हाईक नाराज होतं. पण आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप मदरबोर्डालाच सोल्डर केलेली असते. तिच्या बाजूची मेमरी, तिला वीज पुरवणारे भाग, बायॉस (यंत्र चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर), सगळं त्या एकाच चिपेच्या मापाचं. ती जळली तर तसलीच दुसरी बसवता येते, तीही चांगल्या मशीनवर आणि चांगल्या हाताने. मोठी मात्र बसत नाही.

जुलै २०२४ मध्ये साखळीहून आलेल्या पोराला मी "थांब, उघडून बघू" म्हटलं, त्याला कारण होतं. त्याने काउंटरवर ठेवलेलं धूड तीन किलोच्या आसपास भरलं असतं. २०१३ सालचा, वर्कस्टेशन वर्गातला, १५.६ इंची पडद्याचा लॅपटॉप. कुठल्याशा कंपनीने भंगारात काढलेल्या लॉटमधून याने तो १८ हजारांना उचललेला. आत चौथ्या पिढीचा कोअर आय७-४८००एमक्यू, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि क्वाड्रो के११००एम हे २ जीबीचं कार्ड. या वर्गातल्या त्या काळच्या मशीनमध्ये कार्ड वेगळं असायची दाट शक्यता असते.

पोरगा मखरं करतो. सार्वजनिक गणपतीचे देखावे आणि शिगम्यात चित्ररथ. आधी कागदावर काढायचा, आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सगळं उभं करतो आणि देवळाच्या सभामंडपात लॅपटॉप उघडून मंडळाच्या लोकांना चारी बाजूंनी फिरवून दाखवतो. म्हणजे डेस्कटॉप घे म्हणून सांगायची सोय नव्हती. तक्रार अशी, की देखाव्यात कमानी आणि झुंबरं वाढली की माऊस फिरवल्यावर चित्र दोन-दोन सेकंद अडकतं, आणि एक स्थिर चित्र रेंडर व्हायला, म्हणजे पूर्ण तयार व्हायला, १९ मिनिटं लागतात. सोबत त्याचे वडील होते. "नवीन घे म्हणून सांगतो, तर ऐकत नाही. म्हणतो ह्यालाच सुधारतो," ते म्हणाले. काकांच्या आवाजात तक्रारीपेक्षा काळजी जास्त होती. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, ७ सप्टेंबरला होती.

मी म्हटलं, लॅपटॉप दोन दिवस ठेवून जा. रेंडरला लागणारी फाईलही पेनड्राइव्हवर दे.

चार्जर

पहिल्यांदा चालू केला तेव्हाच स्क्रीनवर एक सूचना आली: जोडलेला अॅडॅप्टर कमी क्षमतेचा आहे, यंत्र हळू चालेल, पुढे जायला बटण दाबा. फोनवर विचारलं, तर म्हणतो, "हां, ती रोजच येते. मी एंटर मारतो."

मशीनला १५० वॅटचा अॅडॅप्टर लागतो. मूळचा कधीतरी गेला, म्हणून याने बाजारातून ९० वॅटचा घेतला होता. पिन बसली, दिवा लागला, विषय संपला. आता हिशेब करा. प्रोसेसर एकटा ४७ वॅटचा, कार्ड ४५ वॅटचं. इथेच ९२ झाले. पडदा, रॅम, पंखे, बॅटरीचं चार्जिंग अजून बाकी. असे लॅपटॉप अॅडॅप्टरची ओळख पटवून घेतात आणि वीज पुरणार नाही असं दिसलं की प्रोसेसरचा वेग स्वतःच पाडतात. रेंडर लावून बघितलं तर २.७ गिगाहर्ट्झ मूळ वेगाचा प्रोसेसर दीडच्याही खाली रांगत होता. दुकानात त्याच जातीचा १५० वॅटचा एक अॅडॅप्टर पडून होता, तो लावला. तीच फाईल, तेच चित्र: १९ ऐवजी १३ मिनिटं. अजून एकही स्क्रू काढलेला नव्हता.

तेराच का, आणखी खाली का नाही, ते तापमानाने सांगितलं. प्रोसेसर शंभरीला टेकत होता. या पिढीचे प्रोसेसर १०० अंशांना स्वतःला आवरून घेतात, त्यामुळे वीज मिळूनही पळता येत नव्हतं.

उघडल्यावर कारण दिसलं. साखळी-डिचोली पट्ट्यातल्या लॅपटॉपमध्ये तांबडी धूळ निघतेच, त्याचं मला नवल नाही. इथे तिच्यात थर्मोकोल मिसळला होता. मखर कापताना उडणारे पांढरे दाणे विजेच्या ओढीने चिकटतात, पंखा ते आत खेचतो आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर काढणाऱ्या तांब्याच्या भागाच्या, जाळीपाशी त्यांचा वाळलेला गिलावा होतो, वर पावसाळ्याची दमट हवा. नखाने खरवडला तेव्हा अख्खी वडी निघाली. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी झालेली. दोन्ही पंखे काढून साफ केले, जाळी ब्रशने आणि हवेने मोकळी केली, नवी पेस्ट लावली. रेंडर: ९ मिनिटं.

इथवर खर्च अॅडॅप्टर धरून तीन हजारांच्या आत. मी पोराला फोन लावून सांगितलं, वेळ निम्म्याहून कमी झालाय, येऊन घेऊन जा. तो खूश झाला. मग थोडं थांबून म्हणाला, "पण फिरवताना अडकतं ते?"

ते अडकत होतंच.

कार्ड बदलायला हवं का

कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड लावून त्याचा मोठा देखावा उघडला. कार्डाची २ जीबी मेमरी गच्च भरलेली. ती भरली की चित्राचे कपडे, म्हणजे टेक्स्चर, कार्ड आणि रॅम यांच्यात सारखे ये-जा करतात, आणि चित्र अडकतं ते त्यामुळे. रेंडरही तो प्रोसेसरवरच करत होता, कारण कार्डावर लावलं की मेमरी अपुरी पडायची. शिवाय के११००एम ही एनव्हिडियाच्या जुन्या केप्लर पिढीची चीज. एनव्हिडियाने केप्लरला ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हर शाखेवर थांबवलं, कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या शाखा तिला नाहीत. ब्लेंडरमधली ऑप्टिक्स ही जलद पद्धत केप्लरवर चालतच नाही, ती केप्लरनंतरच्या मॅक्सवेल आणि पुढच्या पिढ्यांनाच मिळते. म्हणजे चार्जर आणि साफसफाई यांच्या पलीकडे जे उरलं होतं, ते खरोखर कार्डाचंच होतं. हे आधी सिद्ध झालं नसतं, तर मी कार्ड मागवलंच नसतं.

वरचा हीटसिंक उचलल्यावर कार्ड दिसलं: हातावर मावेल एवढी हिरवी पाटी, एका कडेला सोनेरी दात, मदरबोर्डावरच्या आडव्या खाचेत बसवलेली. एमएक्सएम. एनव्हिडियाने २००४ साली हा साचा पुढे आणला तेव्हा कल्पना छान होती, डेस्कटॉपसारखं लॅपटॉपचं कार्डही काढता-घालता यावं. प्रत्यक्षात सॉकेट एकसारखं झालं, पण हीटसिंक, बायॉस आणि विजेची मर्यादा प्रत्येक कंपनीने आपापली ठेवली. त्यामुळे दुकानात जाऊन हवं ते कार्ड आणलं नि लावलं, असा बाजार कधी उभाच राहिला नाही. पुढे लॅपटॉप पातळ झाले आणि चिप परत बोर्डाला चिकटली. अलीकडे फ्रेमवर्क कंपनीने १६ इंची लॅपटॉपमध्ये बदलता येणारा ग्राफिक्सचा भाग परत आणलाय, पण तो साचा त्यांचा स्वतःचा.

एमएक्सएमच्या तिसऱ्या आवृत्तीत दोन मापं चालतात. 'ए' म्हणजे ८२ बाय ७० मिमी, 'बी' म्हणजे ८२ बाय १०५. आमचं 'ए'. या मापाला विजेची कमाल मर्यादा ५५ वॅट. म्हणजे निवड आपोआप आखडली. 'बी' मापाची दांडगी कार्डं बसायला जागाच नाही. माझ्या विचारात उरली दोन नावं. एक क्वाड्रो के२१००एम, पण तेही केप्लर आणि तेही २ जीबी, म्हणजे रोग तसाच. दुसरं क्वाड्रो एम२०००एम: मॅक्सवेल, ४ जीबी, ५५ वॅट.

हे कार्ड मला आवडतं, आणि त्याचं कारण सांगायचा मोह आवरत नाही. के११००एममधली जीके१०७ आणि एम२०००एममधली जीएम१०७, दोन्ही चिप २८ नॅनोमीटरच्याच. म्हणजे चिपेवरची नक्षी बारीक झाली म्हणून वेग वाढला, असं इथे नाही. रचना बदलली. कोअर ३८४ वरून ६४० झाले. चिपेच्या पोटातली कॅश २५६ केबीवरून २ एमबी झाली, त्यामुळे दर वेळी बाहेरच्या मेमरीकडे धाव घ्यावी लागत नाही. बाहेरच्या मेमरीचा वेगही सेकंदाला ४४.८ जीबीवरून ८०. एवढं सगळं जेमतेम १० वॅट जास्त खाऊन. दीडशे वॅटच्या अॅडॅप्टरला ते १० वॅट जड नव्हते.

बाहेरून कार्ड जोडायचा पर्यायही पोराने कुठेतरी बघितला होता. लॅपटॉपच्या कडेला एक्स्प्रेसकार्डची खाच होती. पण तिच्यातून पीसीआय एक्स्प्रेसची एकच मार्गिका मिळते, सेकंदाला साधारण ५०० एमबी. त्यात डेस्कटॉपचं कार्ड वेगळं, त्याला वीज द्यायला एसएमपीएस वेगळा. सभामंडपात हे सगळं मांडून बसलास तर मखर बघायचं सोडून लोक तुझ्याकडेच बघतील, म्हटलं. तो हसला. विषय संपला.

काकांना मी एकदा स्पष्ट विचारलं: साडेसात हजारांचं जुनं कार्ड, त्याला हमी नाही, बसेलच याची मी खात्री देत नाही. चालेल? ते म्हणाले, "पात्रांव, नव्याला पन्नास हजार घालायचे त्यापेक्षा हे बरं. गेले तर गेले." पैसे बुडाले तर काम माझ्याकडून फुकट, असं मी कबूल केलं. हे मी प्रत्येकाला देत नाही.

बसवलं, आणि चुकलं

कार्ड ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आलं, परराज्यातल्या एका विक्रेत्याकडून, दुसऱ्याच कंपनीच्या लॅपटॉपमधून काढलेलं. भिंगाखाली बघितलं: दात स्वच्छ, कुठे गंज नाही, सोल्डर परत केल्याच्या खुणा नाहीत. किनाऱ्याकडच्या मशीनमधून निघालेल्या भागांवर हिरवट बुरा दिसला तर मी ते परत पाठवतो. खाऱ्या हवेने खाल्लेला दात आज चालेल, उद्या दगा देईल.

लावण्यापूर्वी बायॉसमध्ये दोन गोष्टी केल्या. हायब्रिड ग्राफिक्स चालू ठेवलं, म्हणजे पडद्यावरचं चित्र प्रोसेसरमधल्या इंटेल एचडी ४६०० कडून येतं आणि क्वाड्रो मागून काम करतं. नव्या कार्डाचं व्हीबायॉस, म्हणजे त्याचं स्वतःचं बायॉस, या पडद्याला ओळखेल की नाही याची खात्री नसताना हे फार उपयोगी. नाहीतर काळ्या पडद्यासमोर बसून नक्की काय बिघडलं याचे अंदाज बांधत बसावं लागतं. दुसरं, सिक्युअर बूट, म्हणजे चालू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय, बंद केलं.

चालू केलं. चित्र आलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नवं कार्ड दिसलं. मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत कार्डाचं तापमान ८८ झालं होतं. काही न चालवता, नुसत्या डेस्कटॉपवर. दोन मिनिटांत ९४. मी बटण दाबून बंद केलं.

पहिला संशय पंख्यावर. अनोळखी कार्ड घातलं की लॅपटॉपच्या नियंत्रक चिपेला त्याचं तापमान कळत नाही आणि पंखा गप्प बसतो, असं होतं. पण पंखा तर जोरात फिरत होता. मग संशय कार्डावर. विक्रेत्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवलेही. शेवटी हीटसिंक परत उचलला आणि स्वतःलाच ऐकवायची वेळ आली. चिपेवर लावलेली पेस्ट जशीच्या तशी, ठिपक्यासारखी उभी. एका कोपऱ्यात थोडी पसरलेली. तांबं तिला टेकलंच नव्हतं.

झालं असं होतं. चिपेवर पेस्ट असते, पण बाजूच्या मेमरीवर आणि विजेच्या भागांवर मऊ थर्मल पॅड असतात. जुन्या कार्डावरचे पॅड काढताना भुगा झाले, त्यामुळे त्यांची जाडी मोजायला काही उरलं नाही. ड्रॉवरमध्ये १.५ मिमीचा ताव होता, तो कापून लावला. अर्ध्या मिलिमीटरने काय होतंय! त्या अर्ध्या मिलिमीटरने हीटसिंक चारी बाजूंनी उचलून धरला आणि मधली चिप उघडी पडली. वरून स्क्रू आणखी आवळले असते तर कडेने चिप तडकली असती. पंचवीस वर्षांच्या कामात हे शिकलेलो असूनही मी घाई केली. चवथ डोक्यावर होती, हे कारण मी कुणाला सांगितलं नाही.

अंतर मोजायचं कसं? पोरगा समोर बसला होता, म्हणाला, "चिकणमाती लावूया का दादा? मूर्तीवाल्याकडे हवी तेवढी आहे." ओली माती कार्डावर? नको रे बाबा. पण कल्पना बरोबर होती. शेजारच्या स्टेशनरीतून लहान मुलांचा रंगीत क्ले आणला, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच्या गोळ्या मेमरीवर ठेवल्या, चिपेवर पेस्ट घालून हीटसिंक पूर्ण बसवला, स्क्रू आवळले आणि परत काढला. दबलेल्या गोळ्या व्हर्नियरने मोजल्या. मेमरीवर ०.९, विजेच्या भागांवर ०.९ ते १. म्हणजे १ मिमीचा मऊ पॅड दाबून बरोबर बसेल. तो गोव्यात मला कुठे मिळाला नाही. मागवला, चार दिवस गेले.

दुसऱ्यांदा बसवलं तेव्हा डेस्कटॉपवर ४६ अंश, अर्धा तास रेंडर लावल्यावर ७७. बाहेर पाऊस, दुकानात एसी नाही. मला पुरेसं होतं.

ड्रायव्हर

हे थोडक्यात. एनव्हिडियाचा इन्स्टॉलर उघडला तर म्हणतो, जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही. कार्ड समोर दिसतंय तरी. लॅपटॉपच्या ड्रायव्हरमध्ये कार्डाच्या नावासोबत कोणत्या कंपनीच्या कोणत्या मॉडेलमध्ये ते बसलंय, हेही यादीत असावं लागतं. आमची जोडी जगात कुणी कारखान्यात लावलेली नव्हती. मग इन्स्टॉलर उलगडून डिव्हाइस मॅनेजरमधून 'हॅव डिस्क'ने फाईल दाखवली, यादीतून एम२०००एम हाताने निवडलं, विंडोजच्या इशाऱ्याला होकार दिला. बसलं. याने जमलं नसतं तर ड्रायव्हरच्या आयएनएफ फाईलमध्ये आपली ओळ घालून ड्रायव्हरच्या सहीची तपासणी बंद करून बसवावं लागलं असतं. तेही जमतं, पण नंतर तो माणूस दुसऱ्या दुकानात गेला की तिथला मुलगा गोंधळतो. काय केलं ते एका चिठ्ठीवर लिहून बॅटरीखाली चिकटवून ठेवलं.

काय मिळालं, काय नाही

त्याच फाईलचं तेच चित्र ऑप्टिक्सवर साडेचार मिनिटांत झालं. १९, १३, ९, साडेचार. हे आकडे मी पोराला कागदावर लिहून दिले आणि प्रत्येकासमोर खर्चही लिहिला. पहिल्या दोन उड्यांना मिळून तीन हजारही लागले नव्हते, शेवटच्या एका उडीला पॅड आणि पेस्ट धरून आठ हजारांच्या वर. काकांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

पण मिनिटांपेक्षा पोराला फिरवण्याचं कौतुक. पूर्ण देखावा उघडून त्याने माऊसने गरगर फिरवला. न अडकता फिरला. मेमरी पावणेतीन जीबीवर थांबली होती, म्हणजे जुन्या कार्डात हे मावणारच नव्हतं.

न मिळालेलंही त्याला सांगून ठेवलं. पंखा आता साधं काम करतानाही थोडा जास्त फिरतो, रात्री शांत खोलीत ऐकू येतो. बॅटरीवर काम करायचं नाही. तशीही ती बॅटरी तासाभराचीच होती. विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार हे तेव्हाच जाहीर होतं. झालेही. आता त्याने त्यावर लिनक्स टाकलंय, ब्लेंडर तिथेही चालतं. पुढे एनव्हिडियाने मॅक्सवेलसाठी ५८० ही शेवटची शाखा ठरवली. म्हणजे या कार्डालाही शेवट आहे, फक्त केप्लरपेक्षा उशिरा. आणि थर्मोकोल कापताना लॅपटॉप त्याच खोलीत ठेवायचा नाही. हे मी तीनदा सांगितलं. पुढच्या शिगम्याआधी साफसफाईला आणला तेव्हा जाळीत पांढरे दाणे होतेच, पण वडी नव्हती. आता कापायचं काम अंगणात करतो म्हणाला.

काढलेलं के११००एम कार्ड मी अँटिस्टॅटिक पिशवीत घालून ठेवलं होतं. गेल्या महिन्यात फोंड्याहून एकाचा फोन आला. तसलाच लॅपटॉप, चालू होतो पण पडदा काळा, कुणीतरी त्याला सांगितलं की कार्ड गेलंय. "तुमच्याकडे काढलेलं एक आहे म्हणे, केवढ्याला द्याल?"

मी विचारलं, चार्जर किती वॅटचा लावता?